एकोणीस नंबरचा चिमटा

आमच्या भागात विजेच्या बोर्डावरच्या ब्रेकरची दांडी पडायला लागली की पहिला उपाय सुतळीचा. दांडी वर करायची, तिच्या गळ्यात सुतळीचा फास टाकायचा आणि दुसरं टोक वरच्या खिळ्याला बांधून टाकायचं. सुतळी नसली तर बाभळीची पाचर. पाचर नसली तर सायकलच्या ट्यूबचं रबर. मंठ्यात एका घरी मी दांडीखाली दात घासायचा ब्रश अडकवलेला पाहिला आहे. मोटार सुरू झाली की सगळे समाधानाने चहाला बसतात. ती बिचारी दांडी का पडत होती, हे विचारायला कुणालाच सवड नसते.

मीही विचारलं नाही. उलट मी सुतळीच्या पुढे एक पाऊल टाकलं, आणि ते पाऊल मागे घेण्यात माझं पुढचं सगळं आयुष्य गेलं.

मी अंकुश मिस्त्री. मंठ्याच्या बसस्टँडामागे माझं वर्कशॉप होतं. एक जुनं लेथ, एक उभं ड्रिल, एक ग्राइंडर, लोखंड घट्ट धरून ठेवणारं एक वाइस आणि दाराशी एक बाकडं. जालन्याच्या आयटीआयमध्ये फिटर झालो, थोडे दिवस तिथल्याच एका कारखान्यात काढले, आणि साहेबाचा आवाज सहन होईना म्हणून गावी येऊन स्वतःचा पत्रा टाकला. एवढं चरित्र पुरे. दुकान आता बंद आहे. लेथ विकलं, वाइस मात्र घरी आणलं. ते अंगणात उभं असतं आणि आमच्या मंडळी त्यावर ओले फडके वाळत घालतात. पाहून जीव तुटतो, पण बोलायची सोय नाही.

त्या पत्र्याखालचे दिवस मला अजून वासासकट आठवतात. तापलेल्या लोखंडावर पडलेलं तेल, शेजारच्या हॉटेलातली भजी आणि बुधवारच्या बाजारातली ओली कोथिंबीर. गिऱ्हाईक मोडका भाग घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, असलंच एक करून द्या, पण तुटणार न्हाई असं." मला तेवढं निमंत्रण पुरायचं. शिडी फरशीवर सरकू नये म्हणून शिडीचे पाय केले. भिंतीला भोक पाडताना भुकटी डोळ्यात जाऊ नये म्हणून रबरी चेंडू मधून कापून त्याची वाटी ड्रिलवर बसवली. ती वाटी पाहून एकजण म्हणाला, "वा, काय जुगाड केलाय!" त्याला मी चहा पाजला नाही. जुगाड म्हणजे आजची वेळ मारून नेणं. मी मापं घेत होतो, तीनदा मोडून चौथ्यांदा करत होतो. या शब्दाचा मला आजही राग येतो. पण माझं सगळ्यात गाजलेलं काम मात्र निव्वळ जुगाड होतं, हे कबूल करायलाच हा लेख लिहायला बसलो आहे.

घनसावंगीच्या रस्त्यावर एका गावात गयाबाईंची पिठाची गिरणी होती. घरची मेंढरं. नवरा वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन बाहेर. गयाबाईंनी लग्नानंतर चार वर्षं मेंढरांमागे पायपीट केली आणि एक दिवस सांगून टाकलं की आता मी एका जागी बसणार. भावांच्या मदतीने गिरणी टाकली. बाई उंच, आवाज खणखणीत. पीठ उडून भुवया कायम पांढऱ्या. पुढे त्यांनी त्याच पत्र्याखाली मिरची कांडपाचं यंत्रही बसवलं, आणि तिथून दांडी पडायला लागली.

एका दुपारी शेअरिंगच्या जीपमधून उतरून त्या थेट दुकानात आल्या.

"मिस्त्री, काही तरी करा. बाया डबे घेऊन खोळंबून राह्यल्या अन् ही दांडी घटकेला खाली. मी दळू का दांडी धरून बसू?"

"वायरमन काय म्हणतो?"

"तो म्हणतो, वायर पतली हाय, सगळी बदला. आता ऐन हंगामात गिरणी बंद ठिवू का मी? सुतळी बांधली तर तीबी सुटती. गिरणी हादरती ना."

सुतळी हादऱ्याने सुटते, हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा तर माझ्या हद्दीतला प्रश्न होता.

वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. ब्रेकरच्या पोटात दोन वेगळ्या धातूंची, एकमेकींना घट्ट चिकटवलेली पट्टी असते. वायरीतून वीज गरजेपेक्षा जास्त ओढली गेली की पट्टी तापते. एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. वाकली की ती एका बारीक खिट्टीला ढकलते, खिट्टी सुटते आणि ताणून ठेवलेली स्प्रिंग आतला सांधा तोडते. वीज थांबते. दांडी खाली पडते ती फक्त तुम्हाला कळावं म्हणून. चांगल्या ब्रेकरमध्ये तुम्ही दांडी हाताने वर धरून ठेवली तरी आतला सांधा तुटतोच. तिथे सुतळी बांधा नाहीतर साखळदंड, काही उपयोग नाही. पण तेव्हा बाजारात स्वस्तातला एक मालही यायचा. त्यात दांडी आणि सांधा एकाच तुकड्याला जोडलेले. दांडी धरून ठेवली की सांधाही धरलेलाच.

हे मला ठाऊक होतं. मी दोन्ही ब्रेकर बाकावर उघडून पाहिले होते. गयाबाईंच्या बोर्डावर स्वस्तातला होता, आणि दांडी वर धरून ठेवणारा चिमटा मी त्याच्याच मापाने केला.

पहिला नमुना गिरणीच्या हादऱ्याने अर्ध्या तासात गळून पडला. मला चेव आला. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी घेतली, दोन्ही बाजूंना कान काढले आणि खालच्या अंगाला आतून एक बारीक दात ठेवला. चिमटा दाबून बसवला की तो दात ब्रेकरच्या खाचेत जाऊन बसायचा. मग हादरा बसो की भूकंप होवो. काढायचा असेल तर पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खालून घालून दात उचलावा लागे. हाताने ओढून तो निघायचा नाही. मी स्वतः, लेथवर काम करणारा माणूस, ओढून पाहिलं आणि निघाला नाही म्हणून खूश झालो. शिवाय जालन्याला पाठवून त्यावर मुलामा चढवून घेतला, गंजू नये म्हणून. आणि कानावर छिन्नीने नंबर ठोकला. एक.

गयाबाईंच्या गिरणीवर तो बसवला त्या दिवशी दांडी एकदाही पडली नाही. बायांनी डबे भरून नेले. गयाबाईंनी मला ज्वारीचं ताजं पीठ बांधून दिलं.

बातमी जीपवाल्यांनी पोचवली. त्यांच्याइतकं जोरदार वर्तमानपत्र आमच्याकडे दुसरं नाही. लोक दुकानात यायला लागले. "ते गयाबाईवालं द्या." मी करत गेलो, नंबर ठोकत गेलो. बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर चवाळं टाकून त्यावर चिमटे मांडायचो आणि येणाऱ्याला ओढून बघायला सांगायचो. "काढून दाखवा हातानं, फुकट न्या," असं ओरडायचो. कुणालाच निघायचा नाही. लोक हसायचे, मीही हसायचो. असे एकतीस झाले.

माझा दोस्त मिलिंद मात्र हसला नाही. मिलिंद वायरमन. आम्ही आयटीआयला बरोबर होतो, तो शेजारच्या वर्गात. त्याच्या घरी शिक्षणाचा मोठा दंडक. वडील मजुरी करून आले तरी पोरांची पाटी तपासल्याशिवाय जेवायचे नाहीत. त्यामुळे मिलिंद प्रत्येक गोष्ट तपासायचा. बाकड्यावर बसून त्याने चिमटा उलटसुलट पाहिला.

"काम सफाईचं हाय," तो म्हणाला. "पण अंकुश, दांडी पडती म्हंजी ती बोंबलून राह्यली, की बाबांनो वायर तापली. अन् तू तिचं तोंड बांधून राह्यला."

"लोक सुतळी बांधतातच ना?"

"सुतळी जळती. सुटती. तुझं हे सुटत न्हाई."

मला राग आला. राग यायचं कारण तो बरोबर बोलत होता हेच असणार. मी म्हणालो, "तुझी वायरिंगची कामं कमी होतील म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

मिलिंदने चहाचा कप अर्धा तसाच खाली ठेवला आणि निघून गेला. पुढचे दोन-तीन महिने तो बाकड्यावर आला नाही. मीही बोलावलं नाही.

दिवाळीच्या आधीचा आठवडा गिरणीवाल्यांना श्वास घेऊ देत नाही. चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ आणि वर तिखट. गयाबाईंच्या गिरणीवर त्या दुपारी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. हरभऱ्याची डाळ चालू होती, ती दळायला जड, आणि त्याच वेळी कांडप यंत्रही चालू. पातळ वायर दोघांचा भार ओढत होती. सुतळी असती तर जळून तुटली असती. दांडी पडली असती, बाया करवादल्या असत्या, आणि बस्स. पण दांडीवर माझा चिमटा होता.

आधी जळकट वास आला, मग बोर्डातून धूर. गयाबाई धावल्या. मेन फ्यूज बाहेर खांबाजवळ होता, आणि तिथवर जायला मधे डबे, पोती, बाया. त्यांनी जवळचा मार्ग धरला. दांडी खाली ओढायला गेल्या. दांडी येईना. मग पदर हाताला गुंडाळून चिमटा ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. बाहेरून बाया ओरडत होत्या, "गया, सोड, बाहेर ये!" त्यांनी सोडला नाही. त्यांना वाटत होतं, आता निघेल. वरून वायरीचं वितळलेलं आवरण हातावर गळत होतं. शेवटी वायर जळून आपोआप तुटली आणि वीज थांबली, तोवर उडत्या पिठाने पेट घेतला होता. गयाबाई बाहेर पडल्या त्या उजवा हात धरून. पत्र्याखालचं सगळं गेलं. दोन्ही यंत्रं, पोती, रांगेतले अर्धे डबे.

मला जीपवाल्याने सांगितलं. याच जीपवाल्याने माझी कीर्ती पसरवली होती. मी तसाच जालन्याला दवाखान्यात गेलो. रस्ताभर मनात एकच होतं, की बाई मला शिव्या देतील. त्यांनी द्याव्यात असंच वाटत होतं. शिव्या खाल्ल्या की माणूस थोडा सुटतो.

गयाबाईंचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. भुवयांवर पहिल्यांदाच पीठ नव्हतं. मला पाहून त्या म्हणाल्या, "बसा मिस्त्री." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "चिमटा लई पक्का केल्ता तुमी. निघता निघंना."

ती तक्रार नव्हती. एखाद्याच्या कामाची तारीफ करावी त्याच सुरात त्या बोलल्या, आणि मला त्या खोलीत नजर ठेवायला जागा सापडेना. मी रडलो. चांगला मोठ्याने रडलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला विचारत होती, "तुमची कोण लागती ती?"

मंठ्याला आलो तो दुकानात न जाता सरळ मिलिंदच्या दारात उभा राहिलो. त्याला बातमी कळली होती. त्याने मला आत घेतलं, पाणी दिलं आणि 'मी सांगितल्तं' हे वाक्य काही उच्चारलं नाही. आजवर उच्चारलेलं नाही. एवढंच विचारलं, "किती केल्ते?"

"एकतीस."

"नंबर हायेत?"

"हायेत."

"मंग काय, हुडकायचे."

माझ्या मिरवण्यातली ही एकच गोष्ट कामी आली. नंबर होते, म्हणून किती बाहेर आहेत हे कळत होतं. एक नंबर मला राखेत सापडला. काळा पडलेला, पण दात शाबूत. बाकीच्या तिसांना शोधायला मी आणि मिलिंद त्याच्या मोटारसायकलवर निघालो.

मला वाटलं होतं, लोक आनंदाने परत देतील. लोक कशाला देतील? त्यांची मोटार चालत होती. जळाली होती ती गयाबाईंची गिरणी. घनसावंगीकडचा एक ऊसवाला म्हणाला, "तुमी इकल्ता, मी घेतल्ता. आता वापस कशापायी? दुसऱ्याला जास्तीत देता काय?" एकाने तर मलाच दम दिला की, जाहिरात करताना बाजारात ओरडत होतात, आता उलटं बोलता, तुम्हाला कोणत्या कंपनीने फोडलं? एका आजीने चिमटा विजेच्या बोर्डाला कधी लावलाच नव्हता. मिरचीपुडीच्या पिशवीचं तोंड बंद करायला वापरत होत्या. त्यांचा चिमटा मागायचं खरं तर कारण नव्हतं, पण आज पिशवीला असलेला उद्या बोर्डावर जाईल, म्हणून मी अडून बसलो. आजी म्हणाल्या, "मंग पुडीला हवा लागंल, त्याचं काय?" मी त्यांना दुसरा केला, लाकडाचा, बिनदाताचा. त्यांनी तो ओढून पाहिला आणि नाराजीने म्हणाल्या, "ह्यो जल्दी निघतो."

तिथून मला मार्ग सापडला. मागून मिळत नाही, बदल्यात मिळतं.

जाफराबादला एक निवृत्त गुरुजी होते. बारा नंबर त्यांच्याकडे. नव्या घराचं काम चालू होतं. माझं सगळं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पटतं. पण हे काढलं की माझं पाणी बंद. आणि आधीच या दारानं मला बेजार केलंय." दार सागवानी, जड. सुतार एकटा. खालून दार उचलून धरायचं, वर बिजागरी जुळवायची आणि त्याच वेळी स्क्रू फिरवायचा, म्हणजे तीन हातांचं काम. सुतार घामाघूम, गुरुजी दार धरून घामाघूम. मी बाजूला पडलेली एक फळी घेतली, तिच्याखाली पाइपाचा तुकडा आडवा ठेवला, फळीचं एक टोक दाराखाली सरकवलं आणि दुसऱ्या टोकावर पाय दिला. दार बोटभर वर आलं. पाय थोडा सैल केला, केसभर खाली गेलं. सुतार दोन्ही हात मोकळे ठेवून स्क्रू पिळत होता. गुरुजी दार सोडून माझ्या पायाकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला तेच लोखंडात नीट करून नेलं, खाली रुळासकट. मिलिंदने त्यांच्या मोटारीची वायर बदलली, चांगला ब्रेकर बसवला. गुरुजींनी बारा नंबर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, या पायाच्या यंत्राला नाव काय?" मी म्हणालो, "दारउचली." पुढे मी पन्नासेक दारउचल्या केल्या असतील. सुतार अजून विचारतात. लोकांना वाटतं मला सुचत गेलं आणि मी करत गेलो. तसं नाही. माझी निम्मी अवजारं अशीच कुणाच्या तरी बोर्डावरचा चिमटा सोडवायला जन्माला आली आहेत.

गयाबाईंसाठी केलेलं यंत्र मात्र बदल्यातलं नव्हतं. हात बरा झाला, पण बोटं पुरती मिटेनात. गिरणीच्या तोंडाशी डबा उचलून ओतणं जमेना. भावांनी पुन्हा पत्रा उभा केला, मिलिंदने नवी जाड वायर ओढली, कांडपाला वेगळी लाइन दिली. मी वर एक कप्पी टांगली, दोरीच्या एका टोकाला डब्याचा आकडा आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. पायाने खिट्टी दाबली की पिशवी सावकाश खाली यायची आणि डबा वर जायचा. डाव्या हाताने नुसता कलता करायचा. गयाबाईंनी दोनदा करून पाहिलं.

"ह्ये पक्कं हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि लगेच दाखवलं की खिट्टी कशी एका बोटाने सुटते, दोरी कशी एका झटक्यात निघते. तेव्हापासून माझी ही सवयच झाली. कुठलीही वस्तू देताना ती कशी सुटते ते आधी दाखवायचं. धरून ठेवणं सोपं असतं.

जमा झालेले चिमटे मी एका पत्र्याच्या डब्यात टाकत होतो. ते वितळवून टाकायचं मनात होतं. एक दिवस मिलिंदने डब्यातला एक उचलला, बाकड्यावरच्या ब्रेकरवर उलटा बसवला. दांडी खाली, चिमटा तिच्यावर. आता दांडी वर जाईना.

"अंकुश," तो म्हणाला, "मी शिडीवर असतो अन् खाली कोणी तरी येऊन दांडी वर करतं. प्रत्येक वायरमनला ही भीती असती. हे बघ."

मी पाहत राहिलो. तोच चिमटा, तोच दात, तीच न सुटणारी पकड. मी नवा साचा केला, चांगल्या ब्रेकरांच्या मापाचा, फक्त खालच्या बाजूनेच बसेल असा, आणि त्याला लाल रंग दिला. मिलिंदने तो पहिल्यांदा मंठ्याच्याच एका शाळेत वापरला. तो छताशी वायर जोडत होता. शिपाई आला, पंखे का बंद म्हणून दांडी वर रेटू लागला. रेटली, ठोसली, मग खालून ओरडला, "ओ मिलिंदभाऊ, ही दांडी अडकून राह्यली!"

मिलिंद वरून म्हणाला, "अडकू दे. तिच्यामुळंच मी तुला जबाब देऊन राह्यलो."

त्या संध्याकाळी तो बाकड्यावर येऊन बसला आणि आम्ही कितीतरी वेळ चहा पीत बसलो. असा चहा पुन्हा मिळाला नाही. तो आता जालन्याला लेकीकडे असतो. लेक शिक्षिका आहे. गुडघे दुखतात म्हणून शिडी सुटली. माझे लाल चिमटे मात्र आसपासच्या पाच-पन्नास वायरमनांच्या पिशवीत आहेत. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

तर, एकतीसपैकी तीस परत आले. काहींना महिना लागला, काहींना वर्षं. राहिला एकोणीस.

एकोणीस नंबर मी बाजाराच्या दिवशी विकला, एवढं पक्कं आठवतं. मध्यमवयीन माणूस, खांद्यावर कुदळीचा नवा दांडा. जीप हॉर्न वाजवत होती, त्याला घाई होती. त्याने चिमटा ओढून पाहिला, निघाला नाही, तो हसला आणि पळत जाऊन जीपला लोंबकळला. जीप कुठली होती, जाफराबादची की आणखी कुठली, मी पाहिलं नाही. नाव विचारलं नाही, कारण समोर आणखी चौघे ओढून बघायला उभे होते आणि मला त्यांच्या कौतुकाची घाई होती. कितीतरी बाजार मी त्या चवाळ्याच्या जागी नुसता उभा राहिलो. जीपवाल्यांना विचारलं. गिरण्या, विहिरी, रसवंत्या पालथ्या घातल्या. नाही मिळाला.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मी भाजणी दळायला गयाबाईंकडेच जातो. मंठ्यात चार गिरण्या आहेत, तरी जातो. आता गिरणी सून चालवते, गयाबाई बाजेवर बसून ओरडून हिशेब सांगतात. मला पाहिल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एकोणीस घावला का?" मी मान हलवतो. मग त्या चहा सांगतात.

यंदा मी थकलो होतो. म्हणालो, "जाऊ द्या गयाबाई. इतकी वर्षं झाली. एव्हाना गंजून मोडला असंल कुठंतरी."

त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला. बोटं अर्धवट वळलेली.

"तो गंजत न्हाई मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगितल्तं बाजारात, कधी गंजणार न्हाई म्हून. मी आयकून राह्यल्ते."

चहा संपल्यावर त्याच म्हणाल्या, "तुमी लिव्हता-वाचता. कुठं तरी लिव्हा. पण मागायचं नुसतं लिव्हू नका. काढायचा कसा, ते लिव्हा आधी. न्हाई तर माझ्यावानी ओढीत बसंल कोणी."

म्हणून लिहितो आहे. तुमच्या घरी, विहिरीवर, गिरणीत, जुन्या बोर्डावर दांडीला वर धरून ठेवणारा पांढऱ्या मुलाम्याचा चिमटा असेल, दोन कानांचा, तर पुसून पाहा. उजव्या कानावर १९ असेल. असेल तर आधी घराबाहेरचा मेन बंद करा. मग पेचकस चिमट्याच्या खालून घाला, आतला दात वर उचला, आणि तो आपोआप तुमच्या हातात येईल. परत दिला नाही तरी चालेल, विहिरीत टाका. पण धूर निघत असेल तर त्याला हात लावू नका, तसेच बाहेर पळा. ओढू नका. तो ओढून निघत नाही. मीच तसा केला आहे.